व्हेजिटाचं चिलखत: कोकणच्या दमट हवेत टिकणारं, स्टेजवर उतरवता येणारं

व्हेजिटा म्हणजे 'ड्रॅगन बॉल' या जपानी मांगातला (चित्रकथेतला) परग्रहावरचा राजपुत्र, नायक गोकूचा प्रतिस्पर्धी. त्याचा वेश करायला घेणारे बहुतेक जण केसांपासून सुरुवात करतात आणि तिथेच दमतात. केस शेवटी करायचे. आधी ठरवायचं ते हे, की कुठला व्हेजिटा करायचाय.

१९८८ साली मांगामध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याला ड्रॅगन बॉल (इच्छा पुरवणारे गोळे) हवे होते ते अमर होण्यासाठी, आणि वाटेत पृथ्वी बेचिराख झाली असती तरी त्याला काही वाटलं नसतं. (अमरत्व मागणारा गर्विष्ठ असुर दशावतार बघणाऱ्या सिंधुदुर्गातल्या प्रेक्षकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही, ही आपली सोय.) या पहिल्या व्हेजिटाच्या अंगावर सगळं काही असतं: बाहेर पसरलेले रुंद खांदे, कमरेखाली लोंबणाऱ्या ढाली, कमरेला गुंडाळलेली शेपटी, डाव्या डोळ्यावर स्काउटर (समोरच्याचं बळ आकड्यात दाखवणारी काच). पुढे अँड्रॉइड आणि सेल या शत्रूंच्या वेळी, गोकूची मैत्रीण बुल्मा हिनं बनवलेलं चिलखत येतं. त्याला रुंद खांदे नाहीत, नुसते पट्टे आहेत. खालच्या ढालीही गेल्या. त्यानंतरचा शत्रू माजिन बू, त्याच्या वेळी तर चिलखतच नाही. अंगासरशी निळा सूट, उघडे दंड, पांढरे हातमोजे, पांढरे बूट, बस्स.

म्हणजे माणूस जसजसा निवळतो तसतसं अंगावरचं सामान कमी होतं. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवेश करायचा असेल तर याचा पुरेपूर फायदा घ्या. तीन वेश शिवू नका. एकच वेश असा बनवा, की त्यातले तुकडे सुटत जातील. पुढचं सगळं त्याच हिशेबानं.

सामान

छाती ३६ ते ३८ इंच असलेल्या माणसासाठी एवढं पुरतं:

ईव्हीए फोमच्या १० मिमी जाडीच्या, २ फूट × २ फूट आकाराच्या ६ शीट (मुलांच्या खोलीत जोडून अंथरतात त्या मॅट चालतात). ६ मिमी शीट साधारण १ मीटर × २ मीटर, केसांसाठी. ३ मिमीची एक छोटी शीट, बारीक कामाला. फेविकॉल एसआर ९९८ अर्धा लिटर. फेविकॉल मरीन अर्धा किलो. अ‍ॅक्रिलिक रंग: पांढरा ५०० मिली, मोहरीसारखा पिवळा २०० मिली, काळा २०० मिली. मॅट वॉर्निश २०० मिली. दोन इंची वेल्क्रो २ मीटर, एक इंची इलॅस्टिक ३ मीटर, प्लॅस्टिकच्या क्लिप बकल ४. मोठ्या कटरची पाती निदान दहा. हीट गन.

फोम शक्यतो पांढरा किंवा फिकट राखाडी घ्या. काळ्यावर पांढरा रंग बसायला चार-पाच हात लागतात आणि पावसाळ्यात प्रत्येक हात वाळायची वाट बघत बसावं लागतं. अंगठ्यानं दाबून बघा. खळगा लगेच भरून आला तर चांगला, तसाच राहिला तर तो फोम खांद्यांना वापरू नका, पहिल्याच प्रयोगात वाकेल. बकल प्लॅस्टिकचीच; खाऱ्या हवेत लोखंडी बकल एका मोसमात गंजते आणि पांढऱ्या चिलखतावर तांबडे ओघळ येतात.

माप आणि कटिंग

जुना टी-शर्ट घालून उभं राहायचं, वरून दुसऱ्यानं क्लिंग फिल्म गुंडाळायची, तिच्यावर मास्किंग टेपचे दोन थर द्यायचे. मार्करनं मधली उभी रेघ, काखेची कड, शेवटच्या बरगडीची रेघ मारून घ्या आणि पाठीमागून कापून साचा काढा. कागदावर अर्धाच उतरवायचा आणि उलटवून दुसरी बाजू करायची, नाहीतर दोन्ही छात्या दोन दिशांना बघतात.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. व्हेजिटा अर्धा वेळ हाताची घडी घालून उभा असतो. चिलखत बेतताना हात खाली सोडून माप घेतलं तर घडी घालताच छातीची ढाल मध्ये येते, हात एकमेकांवर बसतच नाहीत आणि राजपुत्राऐवजी थंडी वाजणारा माणूस दिसतो. म्हणून साचा अंगावर असतानाच हाताची घडी घाला, दंड जिथे टेकतील तिथे खूण करा, आणि ढालीची कड त्या खुणेच्या २ सेंमी आत ठेवा. काखेतली वळणं त्यामुळे बरीच खोल होतात. दिसायला विचित्र वाटतं, पण खांदे चढले की झाकलं जातं.

पातं उभं धरून दोन-तीन हलक्या ओढींत कापा. एका दमात जोर लावला की फोम आत फाटतो आणि कड दातेरी होते. अर्धा मीटर कापलं की पात्याचं टोक मोडून टाका. पात्याच्या बाबतीत काटकसर करू नये.

पोटावरच्या पिवळ्या पट्ट्या वेगळ्या चिकटवायची गरज नाही. ३ मिमीच्या शीटवर पात्यानं निम्म्या जाडीपर्यंत आडव्या रेघा ओढा आणि वरून हीट गन फिरवा. रेघा आपोआप उघडतात.

खांदे

प्रत्येक खांद्याला साधारण ४० × ३० सेंमीचा लांबट गोल, १० मिमीचा. कडेला चार ठिकाणी २ सेंमी रुंदीच्या पाचरी कापून कडा जोडल्या की बाक येतो. राहिलेला बाक उष्णतेनं द्यायचा. हीट गन १५ सेंमीवर ठेवून सतत हलवत राहा. पृष्ठभागाला किंचित चकाकी आली की थांबा, आणि तुकडा मोठ्या पातेल्याच्या पाठीवर दाबून मिनिटभर धरा. चकाकीनंतरही तापवत राहिलात तर पृष्ठभाग आक्रसून खरखरीत होतो, धूर येतो, आणि तो तुकडा फुकट गेला. या गरम करण्यानं फोमच्या वरच्या पेशीही बंद होतात, म्हणून सपाट तुकड्यांवरूनसुद्धा एकदा गन फिरवून घ्यावी.

खांदे चिलखताला चिकटवायचे नाहीत. छातीच्या पट्ट्यावर वेल्क्रोचा १० सेंमीचा तुकडा, आणि आतल्या बाजूनं एक बकल. नुसतं वेल्क्रो मारामारीत सुटतं, नुसत्या बकलवर खांदा डुगडुगतो. खालच्या ढालींना मात्र वेल्क्रो पुरतं.

चिकटवणं, आणि ते का सुटतं

मुंबई-पुण्याचे व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांचं चिलखत कोकणात याच ठिकाणी हात टेकतं. एसआर दोन्ही कडांना पातळ लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की दाबून जोडायचा, इथवर सगळं सारखं. पण त्यातला द्राव उडताना पृष्ठभाग थंड करतो, आणि श्रावण-भाद्रपदाच्या हवेतली वाफ त्या थंड पृष्ठभागावर बसते. डोळ्यांना जेमतेम दिसेल असा पांढुरका थर येतो. जोड त्या वेळी बसल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी सोलून निघतो.

उपाय सोपा आहे. डिंक लावण्याआधी फोमची कड हीट गननं कोमट करा, हाताला ऊब लागेल इतपतच. काम सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात, पावसाची सर ओसरल्यावर. पंख्याचा झोत थेट डिंकावर नको, त्यानं पृष्ठभाग आणखी थंड होतो. कोरड्या दिवसांत दहा-पंधरा मिनिटांत डिंक तयार होतो, पावसात अर्धा तास धरा. उरलेल्या तुकड्यांचा एक जोड आधी करून बघा आणि दुसऱ्या दिवशी ओढा: फोम फाटला तर जोड पक्का; डिंकाचा थर सुटला आणि पांढुरका दिसला तर वाफ शिरली. सुटलेला जोड फेकून द्यायला नको. दोन्ही बाजूंचा डिंक हीट गननं गरम करून पुन्हा घट्ट दाबला तर बहुतेक वेळा धरतो.

खोली बंद करून हे काम करू नये, वाफारा डोक्यात जातो. पडवी उत्तम. मात्र डबा उघडा असताना जवळ चूल, निरांजन, उदबत्ती, विडी काही नको. गणपतीच्या दिवसांत घरात कुठे ना कुठे ज्योत असतेच, हे वेगळं सांगतो कारण एसआर चटकन पेट घेतो. हीट गनसुद्धा डबा बंद करून बाजूला ठेवल्यावरच.

रंग

फोमवर थेट स्प्रे मारला की फोम रंग पितो आणि वाकवल्यावर तडे जातात. आधी फेविकॉल मरीनमध्ये थोडं पाणी घालून तीन पातळ हात द्या. साधा पांढरा फेविकॉल शहरात चालून जातो, इथे घामानं पुन्हा चिकचिकीत होतो; काखेत तर हमखास. प्रत्येक हात पूर्ण पारदर्शक होईपर्यंत पुढचा देऊ नका. दुधी दिसतोय तोवर आत पाणी आहे.

मग रंग. छाती पांढरी, पोट, खांदे, ढाली मोहरी पिवळ्या. पांढरा आधी, पिवळा नंतर, आणि खाचांत पातळ तपकिरी फिरवून लगेच पुसून घ्यायचा. वॉर्निश मॅटच घ्या, चकचकीत वॉर्निशवर स्टेजचे हॅलोजन असे उठतात की फोटोत नुसता पांढरा गोळा येतो.

बूट, हातमोजे, शेपटी, स्काउटर

बुटांसाठी मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात घालतात तसे पांढरे गमबूट घ्या, रत्नागिरीसारख्या बंदराच्या गावात सहज मिळतात. पुढचं टोक पिवळं हवं. ते रंगवू नका, वाकताक्षणी पोपडे पडतात. एसआरनं फोमही चिकटवू नका, पीव्हीसीतलं तेल डिंकाला हळूहळू मऊ करतं. ३ मिमी फोमची पिवळी टोपी करून तळव्याखालून इलॅस्टिकनं अडकवा. आत जाड सुती मोजे, नाहीतर टाचा सोलून निघतात.

शेपटीला आत काथ्याची बोटभर जाड दोरी, वरून तपकिरी फर, लांबी ९० सेंमी. कथेत याजिरोबे तलवारीनं ती तोडतो, म्हणून मुळाशी वेल्क्रो ठेवा.

स्काउटर दोन करा. एक बघायचा: दोन लिटरच्या बाटलीचा बाकदार तुकडा, आतून जिलेटिन कागद, कानावर फोमची डबी, कडा सँडपेपरनं घासून गोल केलेल्या. दुसरा चुरडायचा, पातळ थर्माकोलचा. प्लॅस्टिकचा मुठीत चुरडला तर हातमोज्यासकट तळवा फाटेल. चुरडताना बोलायचा आकडा, म्हणजे स्काउटरवर दिसलेलं गोकूचं बळ, आधी ठरवा. जगभर गाजलेला ९००० हा इंग्रजी डबमधला, मूळ जपानीत ८००० आहे. हिशेब ठेवणारा एक तरी पोरगा पहिल्या रांगेत असतोच.

केस

आता केस. डोक्याला क्लिंग फिल्म आणि टेप गुंडाळून टोपीचा साचा काढा. कपाळावर मधोमध खाली उतरणारं टोक विसरू नका, तेच व्हेजिटा ओळखू आणतं. प्रत्येक झुबका म्हणजे पानाच्या आकाराचे दोन तुकडे कडेनं जोडलेले, आत पोकळ. २५ ते ३२ सेंमीचे नऊ मोठे, आठ-दहा लहान. मागून लावत पुढे या. सगळ्यांची टोकं वर, ज्योतीसारखी; बाजूला फाकले की गोकू होतो.

एकूण वजन ३०० ग्रॅमच्या आत ठेवा. विग आणि हेअर स्प्रेचा मार्ग किनाऱ्यावर नको, दमट हवेत तासाभरात झुबके मान टाकतात. वाळूत मांडव असेल तर वारं फोमच्या केसांत शिडासारखं भरतं, तेव्हा हनुवटीखालून पारदर्शक इलॅस्टिक हवंच. कपाळाची कड त्वचेला चालणाऱ्या स्पिरिट गमनं चिकटवा. एसआर अंगाला लावायचा नाही.

स्टेजवर

पहिल्या टप्प्यात हनुवटी वर, ओठांचा एकच कोपरा उचललेला, आणि समोरच्याशी बोलतानाही नजर त्याच्या डोक्यावरून. शेपटी तुटली की टप्पा संपला.

खांदे आणि ढाली काढायला विंगेत दोन माणसं, वीस सेकंद. दुसऱ्या टप्प्यात तो नायकांच्या बाजूला आहे, पण ओळीत उभा करू नका. दोन पावलं मागे, अर्धा पाठमोरा. सेलला पूर्ण रूप मिळावं म्हणून हाच त्याला अठरा नंबरच्या अँड्रॉइडला गिळू देतो, केवळ तगडा प्रतिस्पर्धी हवा म्हणून. हा प्रसंग गाळू नका. इथे व्हेजिटा चांगला दाखवलात तर पुढचं सगळं फुकट जातं. त्याला मालवणी बोलायला लावण्याचा मोहही टाळा. लोक हसतील, पण मग शेवटी त्यांना गप्प बसवता येणार नाही. मालवणी गोकूच्या मित्राला, क्रिलिनला द्या, त्याला शोभते.

तिसऱ्यासाठी चिलखत डोक्यावरून काढायचं, म्हणून एका कुशीत बकल हवी. सुटाच्या बाह्या दंडाला वेल्क्रोनं लावलेल्या असतील तर त्याही आत्ताच निघतात. इथे तो आपल्या मुलाला, ट्रंक्सला, जवळ घेतो, मग एका फटक्यात बेशुद्ध करतो आणि स्वतःला माजिन बूसकट उडवून देतो. मिठी मारताना हात आधी हवेत अडखळू द्या. या माणसाला मिठीची सवय नाही. आणि 'काकारोट' हे गोकूचं जन्मनाव मात्र तिन्ही टप्प्यांत तेच राहील. गोकूला अव्वल मानतानाही तो त्याला गोकू म्हणत नाही.

पूर्ण चिलखतात सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ कुणाला ठेवू नका. आत सुती बनियन. मध्ये मीठ घातलेलं लिंबू सरबत द्या. कोकम सरबत अंगाला बरं, पण पांढऱ्या हातमोज्यांवर पडलेला डाग जात नाही, तेव्हा ते प्रयोगानंतर.

रात्री घरी आल्यावर सगळं आतून ओल्या फडक्यानं पुसून, उलटं करून, सावलीत वाऱ्यावर दोन दिवस ठेवा, मगच पिशवीत. ओलं ठेवलं तर आठवड्यात बुरशी धरते. कौलांखालच्या माळ्यावर टाकू नका, एप्रिलमधल्या तिथल्या उष्म्यानं खांद्यांचा बाक उलगडतो. खांदे एकात एक न घालता आत जुनी वर्तमानपत्रं कोंबून ठेवावेत, आणि केस उशीसारख्या कशावर तरी उभे.