इंग्रजी 'जर-तर' वाक्यं: क्रियापदाच्या काळातल्या या चुका टाळा

'पाऊस पडला तर सामना रद्द होईल.' पाऊस अजून पडायचाय, तरी मराठीत आपण बिनदिक्कत 'पडला' म्हणतो. बराचसा घोळ इथूनच सुरू होतो. तो 'पडला' तसाच उचलला, की 'इफ इट रेन्ड, द मॅच विल बी कॅन्सल्ड' असं धेडगुजरी वाक्य तयार होतं. पुढे खरंच घडू शकेल अशा गोष्टीसाठी इंग्रजीत इफच्या भागात साधा वर्तमानकाळ लागतो: 'इफ इट रेन्स'. काहीजण उलट टोक गाठतात, गोष्ट पुढची म्हणून 'इफ इट विल रेन' म्हणतात. तेही नको, विल उरलेल्या भागात. मात्र इफचा अर्थ 'की नाही' असा असेल, तर विल बिनधास्त वापरा: 'आय डोन्ट नो इफ ही विल कम'.

मग इफसोबत साधा भूतकाळ कधी? आत्ता जे खरं नाही, त्याची नुसती कल्पना करताना. 'इफ आय हॅड टाइम, आय वुड हेल्प यू' म्हणजे वेळ नाहीये. इथे हॅड बघून कालपरवाची गोष्ट समजू नका. 'इफ आय वर यू' हेही याच घरातलं.

सगळ्यात चिवट चूक पुढची आहे. 'तू सांगितलं असतंस तर मी आलो असतो' यात 'असणं' दोन्हीकडे येतं, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे वुड हॅव घातलं जातं. अमेरिकन बोलण्यात तसं कानावर पडतं खरं, पण लिहिताना ते चूकच धरतात. बरोबर वाक्य: 'इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम'. ऐकताना आणखी पंचाईत होते, कारण हॅड आणि वुड दोन्ही आखडून नुसता 'ड' उरतो. 'इफ आय'ड नोन, आय'ड हॅव कॉल्ड' यात पहिला हॅड, दुसरा वुड. पुढचा शब्द बघा: नोन, गॉनसारखं तिसरं रूप असेल तर हॅड, हॅव किंवा मूळ क्रियापद असेल तर वुड.

दोन्ही भाग एकाच काळातले हवेत, ही चुकीची समजूत तक्ते पाठ केल्याने होते. घटनेचं कारण कालचं आणि परिणाम आजचा असेल, तर 'इफ आय हॅड स्लेप्ट अर्ली, आय वुडन्ट बी टायर्ड नाऊ' अगदी बरोबर आहे.

अनलेसनंतरही विल येत नाही. शिवाय त्यात नकार आधीच आहे, त्यामुळे 'प्रयत्न केला नाहीस तर'साठी 'अनलेस यू डोन्ट ट्राय' नको, 'अनलेस यू ट्राय' पुरे.