व्हीगन आहाराकडे वळताना आधी दही बदला
लहान मुले असलेल्या मराठी घराने व्हीगन (दूध, अंडी, मांस असे प्राण्यांपासूनचे काहीच नसलेल्या) आहाराचा आरंभ चहाच्या दुधापासून करू नये. तिथेच बहुतेकांचा निश्चय मोडतो. आधी दही बदलावे. वाटीभर शेंगदाणे रात्रभर भिजवून, साले काढून, तीन वाट्या पाण्यात बारीक वाटावेत आणि गाळलेले दूध उकळून कोमट झाल्यावर त्यात हिरव्या मिरचीचे चार-पाच देठ बुडवून भांडे रात्रभर उबेला ठेवावे; पहिले दही पातळच लागते, पण त्याच्या विरजणाचे दुसरे कढीला चालते. पिठले, थालीपीठ मुळातच दुधाविना होतात, फक्त वरचे लोणी सोडावे लागते. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ रोज असावेत. बी-१२ जीवनसत्त्व मात्र वनस्पतींतून भरवशाने मिळत नसल्याने त्याची गोळी, मुलांची मात्रा बालरोगतज्ज्ञांना विचारून, पहिल्या दिवसापासूनच सुरू करावी.