पतंग नंतर, आधी हत्यारं: ढढ्ढा-कमानीसाठी घरच्या घरी करायच्या गोष्टी

बडोद्यात राहून पतंग घरी बनवतो म्हटलं की लोक आधी तोंडाकडे बघतात. गेंडीगेटच्या पतंगबाजारात एक चक्कर मारली की पाच-पाच पतंगांचे पंजेच्या पंजे उचलून आणता येतात, खंभातचे पतंग पण मिळतात, मग तू कशाला बोटं कापून घेतोस, हा संवाद आमच्याकडे दर डिसेंबरला एकदा तरी होतोच. त्यांचं चूक नाहीये म्हणा. पण मला हे खूळ लागलं ते एका पतंगामुळे. हाताने केलेल्या सहांपैकी एक असा काही निघाला की वासी उत्तरायणला, म्हणजे 15 जानेवारीला, दुपारपर्यंत त्याने गच्चीवरच्या सगळ्यांना गप्प केलं, आणि मग चार वाजता कटला. दुसऱ्या वर्षी तसाच करायला बसलो तर दहा केले आणि दहाही वेगळे, एक डावीकडे पळतोय, एक गरगर फिरतोय, एक तर उठायलाच तयार नाही. तेव्हा लक्षात आलं की तो चांगला का झाला होता हेच मला माहीत नव्हतं, माझ्याकडे त्याचं एकही माप नव्हतं. त्यानंतर आधी हत्यारं केली, पतंग मागाहून.

मी 50 सेंमी बाजूच्या चौकोनी कागदाचं धरून सांगतो. त्याचा कर्ण 70 सेंमीच्या किंचित वर येतो, तो झाला ढढ्ढा, म्हणजे मधली उभी काडी. कमान, म्हणजे वाकवून बसवायची आडवी काडी, लागते साधारण 80-82 सेंमी. लहान-मोठा करायचा असेल तर त्याच हिशोबात कमीजास्त करा.

बांबूचं आधी सांगतो कारण सगळा खेळ तिथेच आहे. बुरुडाकडून वाळलेला, लांब पेरांचा बांबू आणायचा. सगळी ताकद बाहेरच्या सालीजवळ असते, आतला गर नुसतं वजन वाढवतो. म्हणून काय खरवडायचं ते आतून, साल शक्य तितकी राहू द्यायची. कमानीत गाठ आली तर ती बरोबर मध्यावर येऊ दे, नाहीतर ती बाजू कमी वाकते आणि मग पतंग आयुष्यभर एका कुशीवर.

पहिलं हत्यार रंधा. रंधा म्हणायचं आपलं, खरं तर सागवानाचा एक ठोकळा, पेपरकटरची एक रुंद पाती, आणि मुदत संपलेली एटीएम कार्डं. कार्ड ही फार कामाची चीज आहे, कुठल्याही बँकेचं घ्या, जाडी 0.76 मिमीच असते. म्हणजे दोन कार्डं दीड मिमी, तीन म्हणजे सव्वादोनच्या जरा वर, चार म्हणजे तीन. कार्डाच्या बोटभर पट्ट्या कापायच्या, ठोकळ्यावर दोन बाजूंना सारख्या संख्येने रचायच्या, मध्ये दीडेक सेंमी मोकळं, वर पाती आडवी ठेवायची आणि तिच्यावर लाकडाची पट्टी ठेवून दोन स्क्रूने दाबून टाकायची. ठोकळा टेबलाला शिकंजाने पक्का करा, नसेल तर खिळे मारा पण हलता कामा नये. आता बांबूची चिरलेली पट्टी पातीखालून घालायची, साल खाली, गर वर, पलीकडून पक्कडीने टोक धरून पातीच्या धारेवरून ओढायची. गराची भुस्कटं निघतात, अगदी खोबरं किसल्यासारखी. चार कार्डांपासून सुरू करायचं, दोन-तीनदा ओढून झालं की दोन्ही बाजूंचं एकेक कार्ड काढायचं, दोनवर आलं की ढढ्ढा तयार. एकदम चारवरून दोनवर उडी मारू नका, पट्टी अडकते, आपण जोर लावतो आणि मग पक्कड सुटून कोपर मागच्या कपाटावर आपटतं (माझं आपटलंय). आणि बोटाने ढकलायचं नाही म्हणजे नाही, ओढायचंच.

दुसरं कमानीसाठी. कमान गोलसर लागते. सोनार तार बारीक करायला जंतर वापरतात ना, भोकांची पोलादी पट्टी, तेच तत्त्व. फॅब्रिकेशनवाल्याकडून 3 मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीचा वीतभर तुकडा घ्यायचा आणि 4, साडेतीन, 3, अडीच, 2 अशी भोकं एका ओळीत पाडून घ्यायची. इथे एक गंमत आहे जी मला कोणी सांगितली नव्हती. ज्याच्याकडून भोकं पाडली त्याने फार प्रेमाने प्रत्येक भोकाची कड मोठ्या ड्रिलने घासून गुळगुळीत करून दिली, आणि त्या पट्टीतून बांबू नुसता सरकत होता, तासला काही जात नव्हता. कापते ती भोकाची कडच. म्हणून त्याला आधीच सांगायचं की कड मारू नको. घरी आणून पट्टी पालथी घालून सपाट फरशीवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासायची, कडा नखाला लागल्या पाहिजेत. ज्या बाजूची कड जास्त धारदार तिथून बांबू आत घालायचा.

काडी आधी चाकूने जाडसर चौकोनी करून घ्या, एक टोक पेन्सिलीसारखं टोकदार करा, आणि एकेक भोकातून पक्कडीने ओढत अडीचपर्यंत या. मग दोन्ही टोकांपासून 20-20 सेंमीवर पेनाने खूण करायची आणि फक्त तेवढा भाग 2 च्या भोकातून ओढून परत मागे काढायचा. टोकं बारीक, मध्य जाड, हीच कमानीची खुबी. जिथे पायरी पडते तिथे पॉलिश पेपरचा तुकडा चिमटीत धरून चार हात मारा. पट्टी लाकडात खाच करून बसवली तर बरं, मी आधी शेगडीच्या दोन पायांमध्ये अडकवत होतो, त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

आता माझं सगळ्यात लाडकं, आणि खर्च शून्य. कमान दोन्ही बाजूंना सारखी वाकते की नाही ते बघायचा फळा. लोक मधोमध दोऱ्याला टांगून वजन बघतात. ते करा, पण वजन सारखं असून वाक वेगळा असू शकतो आणि पतंग वळतो तो वाकामुळे. एक जुना प्लायवूड उभा करा, त्यावर शाळेच्या वहीची रेघांची पानं चिकटवा, रेघा आडव्या. बरोबर मध्यात वर एक लाकडी चिमटी किंवा दोन खिळे, त्यात कमानीचा मध्य घट्ट पकडायचा, आणि दोन्ही टोकांना एकेक कपड्याचा चिमटा लावायचा. चिमटे एकाच डझनातले हवेत. बस, लांबून बघा. डावं टोक सहा रेघा खाली आणि उजवं आठ, म्हणजे डावी बाजू कडक. त्या बाजूला आतून पॉलिश पेपर, परत लावा, परत बघा. कमी घासायचं, वारंवार बघायचं, कारण काढलेला बांबू परत लावता येत नाही. मी दोन्ही टोकं अर्ध्या रेघेच्या आत आणतो आणि किती रेघा वाकली तो आकडा वहीत पतंगाच्या नंबरासकट लिहून ठेवतो. दहा एकसारखे पतंग मिळाले ते ह्या आकड्यामुळे, बाकी कशामुळे नाही.

फर्म्याचं फार काही नाही. जाड पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा अर्धा पतंग, म्हणजे त्रिकोण, कागद घडी घालून त्यावर ठेवून कापायचा, दोन्ही बाजू आपोआप सारख्या. घडी ढढ्ढ्यावर येऊ द्या.

जोडणीचा पाट मात्र करा. कागदापेक्षा मोठा प्लायवूड, वर दुधाच्या पिशव्या उलगडून, धुऊन टाचून टाकलेल्या, म्हणजे खळ चिकटत नाही. पाटावर पतंगाची आकृती काढा, डाव्या-उजव्या कोपऱ्याला एकेक खिळा, आणि कमानीचा माथा जिथे ढढ्ढ्याला ओलांडतो तिथे एक, तो माझ्या मापात नाकापासून, म्हणजे वरच्या टोकापासून, 17-18 सेंमीवर येतो. कागद खाली, ढढ्ढा त्यावर, कमान तीन खिळ्यांमध्ये वाकवून बसवली की ती तिथेच राहते, दोन्ही हात मोकळे. नाहीतर एकाने कमान धरायची आणि दुसऱ्याने चिकटवायचं, आणि डिसेंबरात दुसरा माणूस म्हणजे शेजारचा पोरगा, जो दर दोन मिनिटांनी कोणी काटलं ते बघायला उठतो.

खळ मैद्याची, पातळसर, फडक्यातून गाळलेली. गुठळी राहिली की तिथे कागद फुगतो. ती लावायला मेंदीचा कोन करायचा, जाड प्लॅस्टिकचा, टोक टाचणीएवढं कापलेलं. ब्रशने लावली की कागद भिजून आकसतो, कोनाने बारीक रेघ पडते. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, किडे लागू नयेत म्हणून, पण ते विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर त्या फंदात न पडता लागेल तेवढीच खळ ताजी करा.

राहिला किन्ना, म्हणजे मांजा ज्याला बांधतात ते पतंगावरचे दोन दोरे. भोकं डोळ्यांच्या अंदाजाने पाडू नका. एका खोडरबरात दोन जाड सुया दीड सेंमी अंतरावर खोचायच्या, झाला काटा. ढढ्ढा दोन सुयांच्या मध्ये येईल असा दाबला की दोन्ही भोकं सारख्या अंतरावर. वरची जोडी कमान आणि ढढ्ढा जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे तिरकी, खालची शेपटीपासून, म्हणजे खालच्या टोकापासून, 20-22 सेंमीवर. गाठीसाठी एक फूटपट्टी घ्या, तिच्या शून्यावर खिळा मारा, दोन्ही दोरे त्यावर ताणून गाठ एकाच खुणेवर. खालचा दोरा वरच्याइतकाच ठेवायचा की अर्धा बोट लांब, हे हवेवर. मी बोटभरापेक्षा जास्त कधीच सोडत नाही. हवा जोरात असेल तर खालचा थोडा लांब बरा.

मांजा सुतवायचं हत्यार विचाराल तर ते मी करत नाही. नायलॉनच्या मांजावर तर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच देशभर बंदी घातलीय, तरी गच्च्यांवर दिसतो, आणि त्या दोन दिवसांत एखादं कबूतर पंख अडकून तारेवर लटकलेलं दिसतंच. गुजरातमध्ये जखमी पक्ष्यासाठी 1962 नंबर आहे, फोनमध्ये टाकून ठेवा.

हे सगळं नोव्हेंबरात करून घ्या, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बांबू तासून ठेवा. 10 जानेवारीनंतर घरात गुळपोळ्यांची तयारी सुरू होते आणि डायनिंग टेबल मागितलं तर मिळत नाही.