रिबन ट्वीटरसाठी स्पीकरची पेटी कशी बांधावी

आधी हातातला ट्वीटर, म्हणजे उंच सूर वाजवणारा छोटा स्पीकर, खरोखर रिबन आहे का, ते बघा. एएमटी (घड्या घातलेल्या पडद्याचे) आणि प्लेनर (सपाट पडद्याचे) ट्वीटरही बाजारात रिबन म्हणून खपतात. खऱ्या रिबनमध्ये काही मायक्रॉन जाडीची, चुण्या पाडलेली ॲल्युमिनियमची पट्टी दोन चुंबकांमध्ये टांगलेली असते. तिचा रोध अगदी नगण्य, म्हणून सोबत ट्रान्सफॉर्मर असतो. टर्मिनलवर मल्टीमीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवतो. तो बिघाड नव्हे. मात्र याच कारणाने सिरीजमध्ये कपॅसिटर घातल्याशिवाय तो ॲम्प्लिफायरला कधीही जोडू नका.

आमच्या कोल्हापुरात सगळ्यात मोठी भीती लोखंडाच्या किसाची. उद्यमनगर, शिरोलीकडच्या कारखान्यांत लेथ आणि ग्राइंडर दिवसभर चालतात, आणि ट्वीटरचं चुंबक तो बारीक कीस ओढून घेतं. फटीत अडकलेला एक कणसुद्धा पट्टीला घासून खरखर करतो. फळ्या तिथे खुशाल कापून घ्या, पण ट्वीटर सोबत नेऊ नका. तो डब्यातच राहू दे, अगदी शेवटी बाहेर काढा. पट्टीवर फुंकर मारायची नाही, ब्लोअर किंवा व्हॅक्यूम तर नाहीच; पट्टी ताणली जाते आणि पूर्ववत होत नाही.

आता पेटी. उदाहरण साडेपाच इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) आणि २० लिटरच्या बंद पेटीचं घेऊ. तुमच्या वूफरची डेटाशीट वेगळा आकार सांगत असेल तर तो धरा. १८ मिमी एमडीएफमध्ये एका पेटीला लागतं: पुढची-मागची फळी २३६ × ३९६ मिमी, दोन बाजू २८० × ३९६, वर-खाली २८० × २००, आणि आतली आडवी ब्रेस, म्हणजे आधाराची फळी, २८० × २००. नीट मांडणी केली तर ४ × ४ फुटी अर्ध्या शीटमध्ये दोन्ही पेट्या बसतात.

ब्रेसच्या मध्ये मोठी खिडकी कापा आणि ती वूफर आणि ट्वीटरच्या मधे, पण बरोबर मध्यावर येणार नाही अशी बसवा. दोन्ही भाग सारखे झाले की बाजूच्या फळ्या एकाच फ्रिक्वेन्सीला घुमतात.

ट्वीटरची खाच जोडणीआधीच राऊटरने पाडा. फेसप्लेटची जाडी व्हर्नियरने मोजा, टेपने नको. प्लेट फळीशी अगदी समतल हवी. रिबनचा आवाज आडवा खूप पसरतो, त्यामुळे पेटीच्या कडा त्याला इतर ट्वीटरपेक्षा जास्त नडतात. पुढच्या उभ्या कडा राऊटरने जितक्या गोल होतील तितक्या करा, फक्त खिळा-स्क्रू वाटेत येणार नाही ते आधी बघा.

जोडताना कर्ण मोजा, फेव्हिकॉल लावून क्लॅम्प २४ तास ठेवा. आमच्याकडच्या पावसाळ्यात एमडीएफची कापलेली कड पाणी पिऊन फुगते, म्हणून सँडिंग सीलरचे दोन हात आतून-बाहेरून द्या. एकाच बाजूला व्हेनियर लावलं तर फळी वाकते. आत उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर सैलसर भरा.

ट्वीटरची पाठ बंद नसेल तर तिच्यामागे वेगळी हवाबंद खोली करा. नाहीतर वूफरचा दाब पट्टी फाडतो. पितळी स्क्रू वापरा, आणि पुठ्ठ्याने पट्टी झाकूनच कसा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर चुंबकाकडे झटक्यात खेचला जातो, आणि सगळं काम तिथेच संपतं. वूफर बसल्यावर कोन हलक्या हाताने, समान दाबून सोडा: सावकाश परतला तर पेटी हवाबंद आहे.

क्रॉसओव्हर, म्हणजे सूर वूफर आणि ट्वीटरमध्ये वाटणारा फिल्टर, ३,००० हर्ट्झवर, ८ ओहमच्या ट्वीटरसाठी, दर सप्तकाला १८ डीबी उताराचा धरला तर सिरीजमध्ये ४.४ मायक्रोफॅरड, मग समांतर ०.३२ मिलिहेन्री, पुन्हा सिरीजमध्ये १३.३ मायक्रोफॅरड. हे मायक्रोफोनने मोजून बदलायचे आकडे आहेत. डेटाशीट ३,००० च्या वरची मर्यादा सांगत असेल तर तीच पाळा. खालचे सूर पट्टीला झेपत नाहीत. ट्वीटर वूफरपेक्षा ६ डीबीने जास्त वाजत असेल तर फिल्टर आणि ट्वीटरच्या मधे ४ ओहम सिरीजमध्ये, ८ ओहम समांतर लावा.

उभ्या दिशेने रिबनचा आवाज फार कमी पसरतो. पट्टीचा मध्य कानाच्या उंचीला यायला हवा. बैठकीवर गादी टाकून ऐकणार असाल तर स्टँड खुर्चीच्या हिशेबाने घेऊ नका. जमिनीवर बसून कानापर्यंतची उंची मोजा आणि त्यावरून ठरवा.