घटप्रभेचं मॉडेल जुळत नाही? आधी पाऊस तपासा: या चुका टाळा

स्वाट (पावसावरून नदीत किती पाणी येईल ते काढणारं संगणकीय मॉडेल) चालवलं, घटप्रभा नदीवरच्या हिडकल धरणात येणारं पाणी मोजलेल्या आकड्यांच्या निम्म्यावरही जात नाही, आणि मग कर्व्ह नंबर (पावसातलं किती पाणी जमिनीवरून वाहून जाईल ते ठरवणारा आकडा) वाढव, बाष्पीभवन कमी कर असं सुरू होतं. आलेख अखेर जुळतोही, पण चुकीच्या कारणानं. असं मॉडेल उद्या पूर किंवा दुष्काळ सांगायला वापरलं तर तोंडघशी पाडतं. दोष बहुतेक वेळा पावसाच्या आकड्यांत असतो.

आपल्या भागात तर हे होणारच. आंबोलीत वर्षाला ७००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, बेळगाव शहरात १३०० च्या आसपास, आणि गोकाक-अथणीकडे जेमतेम ६००. भारतीय हवामान खात्याची रोजच्या पावसाची जाळी ०.२५ अंशांची, म्हणजे एकेक चौकट साधारण २७ किलोमीटरची. घाटमाथा आणि त्याच्या पूर्वेची कोरडी उतरण एकाच चौकटीत आली की दोन्हींची सरासरी होते. १९०१ पासूनची सलग मालिका आहे, ती टाकू नका. पण घाटाच्या चौकटींवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

मग ०.०५ अंशांचं चर्प्स (उपग्रह आणि पर्जन्यमापक मिळून केलेली पावसाची जाळी) घ्यायचा मोह होतो. चौकट बारीक झाली म्हणून पाऊस खरा होत नाही. चर्प्स ढगांचे माथे किती थंड आहेत यावरून अंदाज बांधतं आणि नंतर पर्जन्यमापकांशी जुळवून घेतं. घाटात जुलैमध्ये बुटक्या, उबदार ढगांतूनही धो धो कोसळतो; तो या पद्धतीला पुरता दिसत नाही.

कसोटी सोपी आहे. वर्षभरात धरणात आलेल्या पाण्याला पाणलोटाच्या क्षेत्रफळानं भागा आणि मिलीमीटर काढा. हा आकडा तुमच्या पावसाएवढा किंवा जास्त आला, तर बाष्पीभवनाला पाणी उरलंच कुठे? पाऊस कमी धरलाय, कॅलिब्रेशनला (मॉडेलचे आकडे फिरवून आलेख जुळवण्याला) हात लावू नका.

राज्याच्या सीमेवर नकाशा कापणं ही इथली खास चूक. हिडकलचं बरंचसं पाणी चंदगड तालुक्यातून येतं. पुढे घटप्रभेला मिळणारी हिरण्यकेशी आंबोली, आजरा, गडहिंग्लजहून वाहत येते. फक्त कर्नाटकातली पर्जन्यमापन केंद्रं भरली, तर स्वाट प्रत्येक उपखोऱ्याच्या मध्याजवळचं केंद्र उचलतं आणि चंदगडवर बेळगावचा पाऊस पाडतं. महाराष्ट्रातल्या मापकांची नोंद मिळवण्यात आठवडे गेले तरी चालतील, पण ती घ्याच.

पुराचं शिखर एक दिवस मागे-पुढे होतंय? हवामान खात्याच्या १५ तारखेच्या नोंदीत १४ च्या सकाळी साडेआठपासून १५ च्या साडेआठपर्यंतचा पाऊस असतो. ईआरए५ (युरोपच्या हवामान केंद्राची जगभरच्या जुन्या हवामानाची मालिका) चा दिवस मात्र आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. ऑगस्ट २०१९ चा पूर घेऊन तारखा ताडून पाहा, लगेच कळेल.

बाकी एककांचं. ईआरए५ पाऊस मीटरमध्ये देतं. तिच्याच जमिनीपुरत्या बारीक आवृत्तीचे, ईआरए५-लँडचे, तासाचे आकडे दिवसभर साठत जातात, त्यांची थेट बेरीज करू नका. सीएमआयपी६ (भविष्यातलं हवामान सांगणाऱ्या जागतिक मॉडेलांचा संच) चा पाऊस सेकंदाच्या हिशेबात असतो, दिवसाचे मिलीमीटर काढायला ८६४०० नं गुणा. त्यातल्या काही मॉडेलांचं वर्ष ३६० दिवसांचं असतं. हवामान खात्याच्या जाळीतले -९९९ म्हणजे नोंद नाही. स्वाट त्यासाठी -९९ ओळखतं, म्हणून त्याला देताना ते -९९ करा.

भविष्याचे आकडे घेताना एकाच मॉडेलवर विसंबू नका, आणि पूर्वग्रह-दुरुस्तीसाठी (मॉडेलची नेहमीची कमी-जास्त चूक प्रत्यक्ष नोंदींशी ताडून काढण्यासाठी) लागणारी निरीक्षणं वरच्या कसोटीतून गेलेलीच वापरा. नाहीतर घाटाचा हरवलेला पाऊस २०५० पर्यंत हरवलेलाच राहील.