तान्ह्या बाळाला गावी नेताना: आधी कार सीट, मग स्ट्रोलर

गणपतीला बाळाला घेऊन मुंबईहून कोकणात निघणार असाल, तर पैसे आधी कार सीटवर, म्हणजे गाडीत बसवायच्या बाळाच्या वेगळ्या सीटवर घाला. परशुराम घाटातल्या वळणावर अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचं बाळ धरून ठेवणं कुणालाच जमत नाही. सीटवर आर १२९ (R129) किंवा आर ४४/०४ (R44/04) हा सुरक्षा-मानकाचा शिक्का बघा. सीट गाडीच्या मागच्या बाकावर, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे. एअरबॅग चालू असेल तर पुढे कधीच नाही. विकत घेण्याआधी आपल्याच गाडीत बसवून पाहा: गाडीचा पट्टा जातो तिथे धरून हलवली, तर सीट इंचभराहून जास्त सरकता कामा नये. मग बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरा. घडी आली तर सैल आहे, अजून ओढा. वापरलेली सीट कुणी देऊ केली आणि तिला अपघात झालाय का हे ठाऊक नसेल, तर सरळ नाही म्हणा. वाटेत चहाला थांबलात की बाळालाही सीटमधून काढून थोडा वेळ आडवं करा.

स्ट्रोलर (बाबागाडी) मात्र कुठल्या जमिनीवर चालवायची ते बघून घ्या. छोटी चाकं पुळणीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, रुततात, म्हणून मोठी घ्या. सांगाडा ॲल्युमिनियमचा बरा, खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं. पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा कापड काढून धुता यायलाच हवं. तान्ह्यासाठी पाठ पूर्ण सपाट होणारी हवी. आणि पाखाडीच्या (गावातल्या दगडी पायवाटेच्या) पायऱ्यांवर कुठलीच स्ट्रोलर चालत नाही, तिथे बाळ कडेवरच.