खोका धड, मशीन चेपलेलं: बदलून कसं मिळालं

वॉशिंग मशीनचा खोका बाहेरून धड, पण आत मागचा पत्रा चेपलेला आणि एक पाय तुटलेला. डिलिव्हरीवाल्याला सहीची घाई. पावतीवर ‘माल खराब मिळाला’ असं लिहूनच सही केली. खोका, चेपलेला भाग, सीरियल नंबरची पट्टी, सगळ्याचे फोटो काढले. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले, मशीन बसवताना काढायचे बोल्ट मुद्दाम काढले नाहीत, नाहीतर ‘तुम्हीच बसवताना पाडलंत’ म्हणायला विक्रेता मोकळा.

विक्रेत्याने अपेक्षेप्रमाणे सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवलं. पण वाहतुकीतलं नुकसान वॉरंटीत सहसा धरतच नाहीत, आणि पैसे मी विक्रेत्याला दिले होते. तेवढंच ईमेलवर लिहिलं: दुरुस्ती नको, बदली किंवा पूर्ण पैसे, अमुक तारखेपर्यंत लेखी उत्तर. फोनवरची टोलवाटोलवी तिथे थांबली. बदली मंजूर झाली. जुनं मशीन नेल्याची पावती मात्र मागून घ्यावी लागली.